पाचव्या पायरीवरचा थांबा

भिंतीला टेकून उभे राहण्यात माझे सारे आयुष्य गेले, मित्रांनो, पण त्याचा मला कधी कंटाळा आला नाही. मी वाचनालयातली लाकडी शिडी आहे. जुनी आहे हे वेगळे सांगायला नको. माझ्या पायऱ्यांच्या मधोमध पडलेले खळगे पाहिलेत की ते तुमच्या लक्षात येईल. हे खळगे बहुतेक एकाच माणसाच्या पावलांनी पडले आहेत. आज मी माझ्याबद्दल थोडे आणि त्या माणसाबद्दल जास्त सांगणार आहे.

मला घडवणारा सुतार तेव्हा तरुण होता. उस्तादाच्या हाताखालून नुकताच मोकळा झालेला. त्याने कोणाच्या मदतीशिवाय केलेली पहिली वस्तू म्हणजे मी. त्याने चांगले सागवान निवडले, दोन्ही दांड्यांना नऊ-नऊ खाचा पाडल्या आणि नऊ पायऱ्या त्यांत अशा बसवल्या की आजही त्यांतली एकही हलत नाही. वरच्या टोकाला लोखंडी आकडे लावले. कपाटांच्या रांगेवर एक लांब दांडी आहे, तिच्यावर ते अडकतात, आणि मग मला हवे तिथे सरकवता येते. सगळे झाल्यावर तो माझ्या एकेका पायरीवर चढून धपाधप नाचला. "मोडायचं तर माझ्यासमोर मोड," तो म्हणाला, "लोकांत माझं नाक कापू नकोस." मी मोडले नाही. उस्तादाने माझ्यावरून हात फिरवून नुसती मान हलवली. तो कोणाचेही तोंडभर कौतुक करणाऱ्यांतला नव्हता, त्यामुळे ती मान हलवणे सुताराला आठवडाभर पुरले.

मी वाचनालयात आले त्याच महिन्यात ताई तिथे ग्रंथपाल म्हणून लागली. तिचे नाव मला माहीत आहे, पण तिला कोणी नावाने हाक मारताना मी ऐकले नाही. सगळ्यांची ती ताईच. सत्तर वर्षांचे आजोबाही तिला ताईच म्हणत. पहिल्याच दिवशी तिने चपला माझ्या पायाशी काढल्या, अनवाणी वर चढली आणि आठव्या पायरीवर बसून एक पुस्तक उघडले. खाली वाचकांची रांग लागली तरी तिचा पत्ता नाही. शेवटी पुस्तकांवर शिक्के मारणारा कारकून ओरडला, "ताई, वर गेलात ते उतरायचं नाव नाही! आम्ही पण वर यायचं का?"

या कारकुनाला सगळे शिक्काराव म्हणतात. त्यांचा शिक्का इतक्या जोरात पडतो की वाचनाच्या खोलीत पेंगणारे लोक दचकून जागे होतात.

तीस वर्षे असेच चालले. तिची पावले मला पाठ झाली. डाव्या हाताच्या कवेत सहा पुस्तके, उजवा हात माझ्या दांड्यावर, आणि नऊच्या नऊ पायऱ्या एका दमात. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी ती वर-खाली करायची. चढता चढता खालच्या माणसाशी बोलणेही चालू असायचे. महिन्यातून एकदा ती जुन्या मऊ कापडाला तेल लावून मला पुसायची. "बाई गं, तू आहेस म्हणून माझं चाललंय," असे म्हणायची. लाकडाला सुख वाटते की नाही ते मला ठाऊक नाही, पण तेव्हा जे वाटायचे त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आणि मग एके दिवशी ती पाचव्या पायरीवर थांबली.

मला वाटले, काही विसरली असेल. पण ती खाली उतरली नाही, वरही गेली नाही. नुसती उभी राहिली. थोड्या वेळाने पुढे चढली. दुसऱ्या दिवशीही तिथेच थांबली. "गुडघे कुरकुर करतायत," ती शिक्कारावांना म्हणाली. मित्रांनो, तिचे गुडघे माझ्या पायऱ्यांना तीस वर्षांपासून ओळखीचे आहेत. गुडघे दुखणारा माणूस पाऊल चाचपत टाकतो. तिचे पाऊल पहिल्यासारखेच पक्के पडत होते. थांबत होता तो श्वास.

महिनाभरात सहा पुस्तकांची चार झाली, चारांची दोन. दुपारी ती पुस्तकांच्या यादीच्या कार्डांच्या खणांवर डोके टेकून बसू लागली. शिक्काराव हसून म्हणायचे, "ताई, आता आपली वयं झाली." तीही हसायची. मग एकदा चढताना तिने डावा हात जबड्याला लावला. "दाढ ठणकतेय," ती स्वतःशीच म्हणाली आणि दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तिने शिक्कारावांना सांगितले, "ते म्हणाले, दात चांगले आहेत. चावताना दुखतं का विचारलं. चावताना नाही दुखत. भलत्याच वेळी दुखतं." एवढ्यावर तो विषय संपला. पुढे तिच्या पर्समध्ये पित्ताच्या गोळ्यांचे पाकीट दिसू लागले. मळमळते, छातीत भरल्यासारखे होते, ते पित्तच असणार, असे तिने ठरवून टाकले.

तिचे यजमान चष्म्याचे दुकान चालवतात. त्यांना पित्ताच्या गोळ्या ठाऊक होत्या. शिक्कारावांना दुपारची डुलकी ठाऊक होती. दातवाल्या डॉक्टरांना दाढ ठाऊक होती. प्रत्येकाच्या हाती एकेक तुकडा होता आणि एकेका तुकड्यावरून कोणालाच काही वाटले नाही. सगळे तुकडे फक्त माझ्याजवळ होते. दम, थकवा, जबडा, मळमळ, कपाळावरचा गार घाम आणि थोडे थांबले की सगळे ओसरणे. पण लाकडाने सांगायचे कोणाला आणि कसे? त्या दिवसांत मला पहिल्यांदा माझ्या मुकेपणाचा राग आला.

वर्षातून एकदा वाचनालयातली सगळी पुस्तके मोजायची असतात. प्रत्येक कपाट, प्रत्येक कप्पा. ती मोजणी तोंडावर आली आणि ताईला वर चढवेना. तेव्हा तिने दोष दिला तो मला.

"ही शिडीच बिघडलीय," ती म्हणाली. "पूर्वी अशी नव्हती. उभट झालीय."

मला दाराआड नेऊन ठेवले. तीन आठवडे मी तिथे होते. झाडणाऱ्या बाईने माझ्यावर ओले फडके वाळत घातले. एका कोळ्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधे संसार थाटला. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण त्याहून वाईट हे वाटत होते की आता तिची पावले मला कळत नाहीत. ती बरी आहे की नाही, हे दाराआडून समजायला मार्ग नव्हता. कधीतरी तिचा आवाज यायचा. एक वाक्य पूर्ण करायला ती मधे श्वास घ्यायची, एवढे मात्र ऐकू यायचे.

मग एका दुपारी ओळखीचा आवाज आला. "कुठंय आमची लेक?"

तो सुतार होता. आता त्याचे केस पांढरे झाले होते आणि ताई त्याला मामा म्हणत असे. तिनेच त्याला बोलावले होते. त्याने मला बाहेर काढले, कोळ्याला हाताने अलगद उचलून खिडकीत सोडले आणि मला पुन्हा दांडीवर अडकवले.

"काय झालंय हिला?"

"मामा, चढताना जीव नकोसा होतो हो," ताई म्हणाली. "पायऱ्यांच्या मधे आणखी एकेक पायरी घाला. नाहीतर हिचे पाय जोडून जरा लांब करा, म्हणजे ती तिरपी राहील."

सुताराने टेप काढला. पहिली पायरी ते दुसरी, दुसरी ते तिसरी, असे करत नवव्यापर्यंत मोजले. दांड्यांचा कोन पाहिला. पायऱ्यांवर अंगठा दाबून पाहिला. मग टेप गुंडाळत तो म्हणाला, "ताई, तीस वर्षांत ही केसाइतकी हललेली नाही. उंची तीच, उतार तोच. मग बदललं काय?"

"मी म्हातारी झाले, दुसरं काय!"

"बावन्नाव्या वर्षी? माझी आई सत्तराव्या वर्षी विहिरीवरून पाणी आणायची. मला नीट सांगा, चढताना नेमकं काय होतं?"

"थांबा, दाखवतेच," असे म्हणून तो अडवायच्या आत ती माझ्यावर चढली. एक, दोन, तीन. आणि थांबली. यावेळी पाचव्यापर्यंतही पोचली नाही. तिचा हात जबड्याकडे गेला. दुसऱ्या हाताने तिने माझा दांडा घट्ट धरला, तेव्हा तिची बोटे मला जाणवली. ती गार पडली होती आणि ओली होती.

"उतरा," सुतार म्हणाला. त्याने तिला धरून खाली घेतले आणि माझ्या सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. पाठ माझ्यावर टेकवली.

"दाढ," ती म्हणाली. "जाईल आता. बसलं की जाते."

"चढताना दुखते आणि बसलं की थांबते? अशी कुठली दाढ?" सुताराचा आवाज बदलला होता. "किती दिवस चाललंय हे?"

"असतील चार महिने."

तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "ताई, माझ्या बायकोनं दोन दाढा काढून घेतल्या होत्या. दोन्ही चांगल्या निघाल्या. तिसरी काढायची वेळच आली नाही, त्याआधीच ती गेली." तो पुढे म्हणाला, "छातीत कळ आली असती तर आम्ही धावलो असतो. पण ती म्हणायची दात दुखतो, थकवा येतो, मळमळतं. आम्ही म्हणायचो, आराम कर. झालं."

शिक्काराव हातातला शिक्का खाली ठेवून जवळ आले.

आजपर्यंत बसले की तिचे दुखणे थांबायचे. मी तो वेळ मोजला होता, माणूस सावकाश पन्नास आकडे म्हणेल एवढाच. त्या दिवशी पन्नास झाले, शंभर झाले, दोनशे झाले. तिच्या पाठीचा घाम माझ्या लाकडात उतरत होता आणि श्वास आखूड होत होता.

"मी घरी जाऊन जरा पडते," ती म्हणाली आणि उठू लागली.

"पोरी, खाली बस!" सुतार इतक्या जोरात बोलला की वाचनाच्या खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. तीस वर्षांत त्याने तिला कधी एकेरी हाक मारली नव्हती. "एक पाऊल टाकायचं नाही. शिक्काराव, रुग्णवाहिका बोलवा. आत्ता. आणि हिच्या यजमानांना फोन करा, सरळ हॉस्पिटलात या म्हणावं."

"मामा, अहो, लोक काय म्हणतील? दाढ दुखली म्हणून गाडी बोलावली?"

"म्हणू देत. दाढच निघाली तर मी स्वतः दारात उभा राहून सगळ्यांची माफी मागेन. मला आवडेल ती मागायला."

रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिचा हात धरून बसला. तिला घट्ट वाटणारे गळ्याजवळचे बटण शिक्कारावांनी बोलावलेल्या एका वाचक बाईंनी सोडले, खिडक्या उघडल्या. कोणी मोठ्याने बोलले नाही. गाडीतल्या माणसांनी तिला तिथेच तपासले, छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी पाहिली आणि एकमेकांकडे बघून पटकन हात चालवू लागले. त्या बघण्यातच सगळे आले. ती गेली आणि मी रिकामी उभी राहिले. खालच्या पायरीवर तिच्या घामाचा डाग होता. तो वाळेपर्यंत सुतार तिथेच बसून होता.

दुसऱ्या दिवशी तिचे यजमान वाचनालयाच्या किल्ल्या द्यायला आले. एका रात्रीत माणूस वाकल्यासारखा दिसत होता. त्यांनी सांगितले की झटका सुरू झाला होता. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. वेळेवर पोचल्यामुळे डॉक्टरांनी ती उघडून आत जाळी बसवली. आणखी तासभर घरी पडून राहिली असती तर काही सांगता आले नसते. डॉक्टरांनी असेही सांगितले की हृदयाचे दुखणे नेहमी छातीत कळ घेऊनच येते असे नाही. बायकांच्या बाबतीत तर ते बऱ्याचदा थकवा, दम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, अशी निराळीच नावे सांगून येते.

"अख्ख्या गावाचे डोळे तपासतो मी," ते शिक्कारावांना म्हणाले. "आणि घरातलं माणूस जिन्यावर दोनदा टेकतं, ते मला दिसलं नाही." शिक्कारावांनी त्यांना खुर्ची दिली. मग तेही शेजारी बसले आणि म्हणाले, "मला तर दिसत होतं हो. मी त्यावर विनोद करत होतो."

सहा आठवड्यांनी ताई परत आली. थोडी वाळली होती, पण चेहऱ्यावर रंग होता. सगळ्यांशी बोलून झाल्यावर ती माझ्याजवळ आली. कोणी बघत नाही असे पाहून तिने माझ्या दांड्याला गाल टेकवला. "उगाच तुला बोल लावला गं," ती म्हणाली. एवढेच. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, हळूहळू चढायलाही, पण पुस्तके घेऊन नाही. त्यामुळे वर जाण्याचे काम शिक्कारावांकडे आले. ते माझ्यावर असे चढतात, जणू खाली दरी आहे. दोन्ही हातांनी मला मिठी मारतात, डोळे मिटतात आणि विचारतात, "ताई, कुठलं पुस्तक म्हणालात?"

इथे माझी गोष्ट संपली असती, पण तीन महिन्यांनी सुतार कार्डांचा एक अडकलेला खण दुरुस्त करायला आला. खण काढता काढता खोकला. पुन्हा खोकला. ताई टेबलामागून त्याच्याकडे पाहत होती.

"मामा, बुटांच्या नाड्या का सोडल्यात?"

"नवे घेतले, ते घट्ट होतात. दुकानदारानं माप चुकवलं."

"आणि जुने?"

"ते पण हल्ली घट्टच होतात. पाय वाढण्याचं वय राहिलंय का माझं?" तो हसला.

ताई हसली नाही. ती उठून जवळ आली. "खोकला कधीपासून?"

"आडवं पडलं की येतो. म्हणून दोन उश्या घेतो. परवापासून तीन. तुम्ही काय माझी उलटतपासणी घेताय? ताई, माझ्या छातीत काही नाही. दाढ दुखत नाही, जबडा दुखत नाही. मी रोज बघतो ना!"

"तुम्ही रोज मामींचं दुखणं शोधताय," ती हळूच म्हणाली. "ते तुम्हाला पाठ आहे. पण तुमचं दुखणं मामींच्यासारखंच असेल कशावरून? पायातला मोजा खाली करून दाखवा."

त्याने कुरकुरत एक मोजा खाली केला. घोट्याच्या वर मोज्याच्या पट्टीची खोल रेघ उमटली होती. ताईने तिच्याशेजारी बोटाने दाबले. बोट काढले तरी खळगा तसाच राहिला. मग सुताराने हातातला पेचकस शांतपणे पिशवीत ठेवला.

"खण?" तो म्हणाला.

"राहू दे अडकलेला."

तिने पर्स घेतली आणि ती स्वतः त्याच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी सांगितले की त्याचे हृदय अशक्त झाले आहे, त्याची पंप करायची ताकद कमी पडते, म्हणून पायांत आणि छातीत पाणी साठते. औषधे सुरू झाली, मीठ कमी झाले. मिठावरून तो डॉक्टरांवर अजून रागावलेला आहे. पण पंधरा दिवसांत बूट पायात नीट बसले आणि उशी एकच उरली. आता दर गुरुवारी तो येतो, ताईबरोबर मागच्या अंगणात फेऱ्या मारतो. दोघेही एकमेकांना चोरून बघत असतात, कोणाला धाप लागतेय ते.

मित्रांनो, मी काही डॉक्टर नाही. दमलेल्या प्रत्येक माणसाचे हृदय बिघडलेले असते असेही नाही, आणि ते ठरवणे तुमचे-माझे काम नव्हे. आपले काम लक्ष ठेवण्याचे. कालपर्यंत जे सहज जमत होते ते आज जमेनासे झाले, काम करताना दुखते आणि थांबल्यावर थांबते, पाय सुजतात, उश्या वाढतात, तर त्याला वय, पित्त, दाढ किंवा बिचारी शिडी अशी नावे देऊन मोकळे होऊ नका. डॉक्टरांना दाखवा. आणि दुखणे थांबतच नसेल, घाम फुटला असेल, तर वाट न बघता मोठ्यांना हाक मारा आणि रुग्णवाहिका बोलवा.

तुमच्या घरातही कोणीतरी असेल, जे सगळ्यांची कामे करते आणि स्वतःबद्दल विचारले की "काही नाही रे" म्हणते. आज घरी गेलात की त्यांच्याजवळ बसा. विचारा, "हल्ली तू लवकर दमतेस का गं?" त्या म्हणतील, काही नाही. मग जरा थांबा आणि पुन्हा एकदा विचारा.